डाव्या बाजूचा पोचा

फक्रुद्दीनचाचांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. नगरला केडगावच्या बाजूला रस्त्यालगत डेंटिंग-पेंटिंगची गॅरेजं आहेत. रंगाऱ्यांना मालकांनी नाकातोंडावर लावायचे धड मास्क द्यावेत, म्हणून आमची संघटना तिथं दारोदार फिरत होती. चाचा एका ट्रकच्या केबिनला हिरवा मारत होते. तोंडाला रुमाल, तोही घसरून गळ्यात आलेला.

मी म्हटलं, "चाचा, हे विष आहे. मालकाकडं मास्क मागा."

रंगाची गन न थांबवता ते म्हणाले, "तू रंग मारतो?"

"नाही."

"मग तुला कशाला वास येतोय? तिकडं सावलीत जाऊन उभा राहा."

आणि गन अशी फिरवली, की माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर हिरवी झुळूक उठली. मी काही देवमाणूस नाही. मीही तोंड सोडलं. स्टँडपासून कलेक्टर कचेरीपर्यंत घोषणा देऊन तयार झालेला गळा आहे माझा. शेजारच्या वेल्डरने मशीन बंद करून आमचं भांडण ऐकलं. शेवटी चहा आला. रंगाऱ्याशी भांडलं की चहा होतोच, कारण रंग वाळेपर्यंत त्यालाही दुसरं काम नसतं.

माणूस तिखट, पण हात बघण्यासारखा. ठोकून पत्रा सरळ झाला, पुट्टी भरली, पाणीपेपरने घासून झालं, की चाचा डोळे मिटून त्यावर तळहात फिरवायचे. राहिलेला पोचा डोळ्याला फसवेल, हाताला नाही. हाताला लागला की सगळं पुन्हा. गिऱ्हाईक घाई करायला लागलं तर सांगायचे, "घेऊन जा गाडी. पण फक्रुद्दीनने रंगवली असं कुठं बोलू नको." पाथर्डी रस्त्यावरचे ट्रकवाले गाडी उन्हात उभी करून बाजूने नजर टाकायचे. पोचा कुठं होता ते सांगता आलं नाही, म्हणजे गाडी चाचांच्या हातची.

मास्कचं पुढं काय झालं ती वेगळी लढाई. मालकाने कापडी मास्क आणून भिंतीला टांगले आणि आम्हाला फोटो पाठवला. तोवर चाचांची छाती खराब झाली होती. जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागायचं. डॉक्टरने एक्स-रे उजेडापुढं धरला आणि सांगितलं, थिनर बंद. थोडंही नाही, वाससुद्धा नाही.

हे काम ज्याला माहीत नाही त्याला सांगतो. गाडीचा रंग थिनरशिवाय पातळ होत नाही, गन थिनरशिवाय धुतली जात नाही. थिनर बंद म्हणजे रंग बंद. चाचा घरी बसले. कोठला भागातल्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या दोन खोल्या. शकिलाचाची शिवणकाम करतात, मुलगी उझ्मा मोबाईलच्या दुकानात कामाला जाते. घर नीट चालत होतं, आणि चाचांना तेच खात होतं. दारात खुर्ची टाकून ते येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षांचे पोचे बघत बसायचे.

एकदा मला म्हणाले, "गोरखभाऊ, थिनर धरलं तर मी मेलो. सोडलं तर कोण उरलं, ते सांग."

 

उत्तर उझ्माने मागवलं, ते खोक्यातून आलं. पेनाएवढी गन, वर औषधाच्या झाकणाएवढा प्याला, टिफिनएवढा कॉम्प्रेसर आणि पाण्यात मिसळणाऱ्या रंगाच्या बाटल्या. हौशी लोक छोट्या गाड्या, विमानं, रणगाडे करतात, त्यांच्यासाठी हे सामान असतं.

चाचांनी गन दोन बोटांत धरली. "बेटा, ही सुरमा लावायची का?"

"अब्बू, एकदा मारून तर बघा. याला थिनर लागत नाही. पाण्याने धुवायची."

"पाण्याने भाजी धुतात."

तरी घेतली. रंगाऱ्यापुढं गन ठेवली आणि त्याने उचलली नाही असं होत नाही. जेवणाच्या डब्याचं झाकण उभं केलं आणि ट्रकवर मारायचे तसा ओला कोट मारला. गाडीला तेच लागतं. रंग भरपूर पडायला हवा, मग तो आपणच पसरतो आणि आरसा होतो. पाण्याचा रंग झाकणावरून सरळ चहासारखा ओघळला.

"हा रंग आजारी आहे," चाचा म्हणाले.

मग त्यांनी जे केलं ते ट्रकचा रंगारीच करील. रंग ऐकत नाही म्हटल्यावर हात आपोआप थिनरकडे जातो. पलंगाखाली खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली होती, तिच्यात चाचांनी थोडं थिनर लपवून ठेवलं होतं. वापरायला नाही, कधीमधी झाकण उघडून वास घ्यायला. त्यातलं थोडं त्यांनी प्याल्यात ओतलं. रंग दुधासारखा फाटला. चोथा गनच्या सुईत अडकला आणि गन गच्च झाली.

मी नेमका त्या वेळी दारात पोचलो. शिलाई मशीनचा आवाज थांबला. चाची आतून आल्या, त्यांनी बाटली उचलली, हुंगली, आणि चपला न घालता बाहेर जाऊन गटारीत रिकामी केली. येऊन मला म्हणाल्या, "तुम्हीच सांगा भाऊ यांना. डॉक्टरला पैसे मी देते, आणि हे औषधाच्या बाटलीत मरण ठेवतात."

"वास घेत होतो फक्त," चाचा पुटपुटले.

"फक्त वासाचंच सांगितलंय डॉक्टरने! छाती वासानेच गेलीय, लाकडं तोडून नाही."

त्या दिवसापासून चाचींनी नेम धरला. चाचा बाहेरून आले की सदरा काढून घ्यायचा, हुंगायचा आणि मगच पाणी द्यायचं. आणि मोठ्या गनचा विषय काढला. माळ्यावर कापडात गुंडाळलेली ती ट्रकची गन आसिफला देऊन टाका म्हणाल्या. आसिफ म्हणजे गॅरेजमधला चाचांचा जोडीदार. चाचा म्हणाले, "या छोट्या गनवर हात बसला तर देईन. तोवर तिला हात लावायचा नाही." चाची कबूल झाल्या. खरं तर चाचांनी स्वतःलाच खोड्यात घातलं होतं. हात बसला नाही, तर ते पुन्हा मोठ्या गनकडे जाणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

आता मिरजगावच्या कल्याणची गोष्ट. हा झेरॉक्सच्या दुकानात बसतो आणि फावल्या वेळात एसटीच्या छोट्या गाड्या बनवतो. हातभर लांब. अंग फोमशीटचं, टप थर्माकोलचा, दार उघडतं, दिवे लागतात. पण रंगाला रडायचा. ब्रशने मारला की केसांच्या रेघा, आणि बाजारातला स्प्रेचा डबा मारला की थर्माकोल विरघळून टपाची चाळण. मी त्याला म्हटलं, "पाण्याचा रंग मारणारा एक माणूस आहे. शिव्या खायची तयारी ठेव."

काम माझ्याकडूनच निघालं होतं. पाथर्डीच्या पलीकडं डोंगरातली एक वाडी आहे, निम्मी वाडी दरवर्षी ऊसतोडीला जाते. तिथं संध्याकाळी एसटी मुक्कामाला येते आणि सकाळी नगरला निघते. त्या गाडीचे ड्रायव्हर श्रीमंतराव मे महिन्यात रिटायर होणार होते. त्यांना शाल-नारळ तर देतील, पण वाडीच्या बायकांनी ठरवलं, की त्यांची गाडीच त्यांना द्यायची. छोटी. घरी टीव्हीवर ठेवायला.

कल्याण पांढरी, बिनरंगाची गाडी घेऊन आला. चाचांनी तिच्यावर हात फिरवला, सगळीकडून. "पुट्टी चांगली भरली," म्हणाले. कल्याण एवढ्यानेच खूश.

उन्हाळा नगरचा. पाण्याचा रंग गनमधून निघून गाडीपर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळत होता, आणि वर रव्यासारखा खरखरीत बसत होता. सुईच्या टोकावर साय धरायची. चाचांनी गनला, उन्हाला आणि मला अशा तिघांना शिव्या घातल्या. मग डोकं चालवलं. गॅरेजमध्ये धूळ बसावी म्हणून रंगाआधी जमिनीवर पाणी मारतात, तसं खोलीत मारलं. दाराला ओली पोती टांगली. सकाळची नमाज झाली की ऊन चढायच्या आत कामाला बसायचे. मेडिकलमधून ग्लिसरीन आणलं आणि रंगात थेंब-दोन थेंब सोडलं, म्हणजे वाळायला वेळ लागतो. आणि सगळ्यात अवघड ते केलं, हात हलका केला. कोट कसला, नुसता श्वास टाकल्यासारखा. एक थर, वाळू द्यायचा, दुसरा थर. पहिल्या थरात तर रंग मारला की नाही तेच कळत नाही.

"ट्रकला दणका लागतो," मला म्हणाले. "हिला लाजत लाजत मारावा लागतो."

लाल रंग चढला. खालचा पट्टा टेप लावून काढला. मी बघायला गेलो तेव्हा गाडी खिडकीत उभी होती आणि तिच्या अंगात गल्ली दिसत होती. कल्याण हात जोडून उभा होता, देवळात उभा राहावा तसा. चाचा खुर्चीत, पायावर पाय टाकून. किती महिन्यांनी.

तेव्हाच मी घाण केली. वाडीतून फोटो आला होता, तो मी मोबाईलवर दाखवला. खऱ्या गाडीच्या डाव्या बाजूला, मागच्या चाकाच्या वर, परातीएवढा पोचा.

"बायका म्हणतात, हा पाहिजे. तेवढा काढून द्या."

"काढूनच दिलाय. नाहीच आहे."

"तसं नाही चाचा. बनवून द्या. दाबा थोडं."

चाचांनी पाय खाली घेतला. "काय बोलला?"

"पोचा पाहिजे गाडीला."

"जिंदगीभर मी पोचे बुजवले. आता या वयात पोचा पाडू? लोक बघतील आणि काय म्हणतील? म्हातारा झाला, हात गेला, पोचा राहिला."

"अहो, गाडी त्यांची आहे, तुमची नाही!"

"रंग माझा आहे!"

"रंग रंग काय लावलंय! वाडीच्या बायकांनी कोयता चालवून वर्गणी काढलीय, तुमच्या नखऱ्यासाठी नाही!"

"मग त्यांना सांग, कोयत्यानेच पोचा पाडा!"

कल्याण मधे पडला, म्हणाला, "चाचा, पोचा आणि जरा चिखल, हौशी लोक असं करतात, त्याला खरेपणा येतो..." त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. चिखल हा शब्द ऐकून चाचांना खोकल्याची उबळ आली. चाची पाणी घेऊन आल्या आणि आम्हा दोघांना हाताने दार दाखवलं. ओली पोती तोंडावर घेत मी बाहेर पडलो.

दोन दिवस मी तिकडं फिरकलो नाही. मग सकाळीच चाचींचा फोन. "हे स्टँडवर गेलेत. एकटे. म्हणाले गाडी बघून येतो. तुम्ही जा जरा."

माळीवाडा स्टँडवर गर्दीत चाचा दिसले. वाडीची गाडी लागलेली होती, आणि चाचा मागच्या चाकापाशी उभे राहून, डोळे मिटून, पोच्यावरून तळहात फिरवत होते. श्रीमंतराव खाली उतरून बिडी पेटवत होते. त्यांना छोट्या गाडीच्या भेटीचा पत्ता नव्हता, म्हणून मी चाचांना कोपराने खुणावलं.

श्रीमंतराव म्हणाले, "ओ चाचा, गाडी इकत घेताय का काय?"

"हा पोचा कसला?"

"त्यो व्हय? घाटात पडला. वाडीचीच मानसं, ऊसतोडीला निघाल्याली, ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर बायापोरं, भांडीकुंडी. समोरासमोर आलो. त्याला मागं घेता येईना, एका बाजूला दरी. मग म्या घेतली मागं आन दाबली कपारीला. ट्रॅक्टर निघून गेला. पत्रा वाजला, बाकी काय न्हाई."

"काढला का नाही मग? गॅरेजमध्ये एका दिवसाचं काम आहे."

"वर्कशॉपवाले काढून देतो म्हनले हुते. म्याच म्हनलं, राहू द्या. का, ते हिला इचारा." आणि त्यांनी गाडीतून उतरणाऱ्या एका म्हातारीकडे बोट केलं. डोक्यावर करवंदांची पाटी, हिरवं लुगडं. "केशरबाई, ह्ये चाचा इचारत्यात, पोचा काढायचा का गाडीचा?"

केशरबाईंनी पाटी खाली ठेवली. "कुनी काढला तर बघ! मंग मी पुन्याला जाईन की, वाडी ऱ्हाईल बाजूला!"

"म्हंजे?" चाचा.

"आरं बाबा, पाटी कुनाला वाचता येती? स्टँडात समद्या लालच. मी आपली मागनं जाती, आसा हात लावती. लागला खड्डा, चढली गाडीत."

"डोळ्याने दिसत नाही का?"

"डोळं फसवत्यात. हात न्हाई फसवत."

चाचांनी तिच्याकडे पाहिलं. मग पोच्याकडे. मला म्हणाले, "चल."

रिक्षात चाचा तळहात वाटीसारखा धरून बसले होते. घराच्या दारात उतरताना म्हणाले, "खोलगट आहे, पण मधे नाही. पुढच्या बाजूला कड जास्त आहे. कपारीला दाबल्यावर तसंच होणार." हाताला सगळं माप लागलं होतं.

चाचींच्या स्वयंपाकघरातली डाव आली. तिची पाठ गॅसवर गरम केली, फोमशीटवर ओलं फडकं ठेवलं आणि डाव दाबली. कल्याण बाहेर गल्लीत जाऊन उभा राहिला, त्याला बघवेना. रंग तिथं करपला. तो पाणीपेपरने काढला, तेवढ्याच जागेपुरता पुन्हा लाल चढवला, आणि आजूबाजूच्या लालात असा मिळवला की सांधा दिसू नये. मग लालात थेंबभर काळा घालून, गन अगदी जवळ धरून, पोच्याच्या पोटात सावली सोडली. पुढच्या कडेवर फिकट रेघ. गाडी उजेडात धरली तेव्हा तिचं अंग खरंच पत्र्याचं वाटलं, कपारीचा दणका बसलेलं.

कल्याणने धीर करून विचारलं, "मग थोडा चिखलपण..."

"नाही! गाडी डेपोतून धुऊन निघते. पोचा तिचा आहे. चिखल रस्त्याचा आहे."

 प्रत्येक भांडण जिंकायचं नसतं, असं म्हणतात. मला पटत नाही, पण त्या दिवशी मी चिखल सोडून दिला.

निरोपाचा कार्यक्रम वाडीच्या शाळेच्या आवारात होता. चाचा आले. शेवटचा चढ चढताना दोनदा थांबले, पण आले. सरपंच आबासाहेबांनी भाषण आवरतं घेतलं, हा त्यांचा मोठेपणा, आणि गाडीवरचं फडकं काढलं. श्रीमंतराव टेबलापुढं उभे राहिले. गाडीचं नाक पाहिलं, नंबर पाहिला. मग टेबलाला वळसा घालून डाव्या बाजूला गेले आणि तिथंच थांबले. टोपी काढली, परत घातली.

त्यांचे पुण्याचे जावई पुढं सरसावले. शहाणा माणूस, हातात मोबाईल. फोटो काढता काढता म्हणाले, "छान आहे हो, पण इथं दबलंय बघा मागं. आणताना धक्का लागला असेल. पेंटरने बघायला पाहिजे होतं. रंगाला हात चांगला आहे, एवढं एक राहून गेलं."

सगळं आवार हसलं. जावयाला कळेना का हसतात. मी मागं वळून चाचांकडे पाहिलं. हेच वाक्य, हेच ऐकायचं नाही म्हणून हा माणूस माझ्याशी भांडला होता.

चाचा खुर्चीवरून उठले. दम लागलेला होता, तरी आवाज गॅरेजमधलाच निघाला.

"राहून नाही गेलं. मी केलंय ते. नगरचा फक्रुद्दीन, कोठल्याचा. सांग पुण्यात सगळ्यांना. फक्रुद्दीनने केलंय."

तेवढ्यात केशरबाई लोकांना ढकलत पुढं आल्या. गाडीकडे पाहिलंच नाही, मागून हात घातला, बोटं पोच्यात बसली. "हीच हाय," म्हणाल्या, आणि श्रीमंतरावांना म्हणाल्या, "आता तुमी घरी बसून बी वाडीलाच याल बघा."

रात्र वाडीतच काढली आणि सकाळी त्याच मुक्कामी गाडीने परत आलो. दुसरा ड्रायव्हर होता. चाचा खिडकीशी बसले होते आणि घाटातल्या कपारी बघत होते, कुठली ती ओळखायला.

घरी चाचींनी सदरा काढून घेतला आणि हुंगला. डिझेल, धूळ, आणि केशरबाईंनी खिशात कोंबलेली करवंदं. पाणी दिलं. चाचा स्टुलावर चढले, माळ्यावरून कापडात गुंडाळलेली मोठी गन काढली आणि उझ्माकडे दिली. "कामाला जाताना आसिफला दे. सांग, सुई काढून धुवायची, नाहीतर रंग गळतो."

 चाचींनीच गन घेऊन पिशवीत घातली.

तेवढ्यात कल्याणचा फोन. मी स्पीकरवर टाकला. कुणीतरी त्याला ऊसतोडीचा ट्रॅक्टर सांगितला होता, दोन ट्रॉल्यांसकट, आणि ट्रॉल्यांना गंज पाहिजे म्हणे.

चाचांनी माझ्या हातातला मोबाईल ओढून घेतला. "गंज? नवीन ट्रॉलीला गंज? अरे, तुला लाज... कुठल्या बाजूला पाहिजे?"